सहा इंचांचा फरक

१

"कोळदऱ्याच्या पाणवठ्यावर माणूस पडलाय. मेलाय," एवढंच गुरं चारणारी कालीबाई बोलली आणि ठाण्याच्या पायरीवर मटकन बसली.

जानेवारीतली बुधवारची सकाळ होती. सात वाजून गेले तरी धुकं उठलं नव्हतं. फौजदार एस्तेर मावची ओट्यावर उभी राहून चहा घेत होती. टेंभुर्णपाडा ठाण्यात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. दारूची भांडणं, बांधावरून डोकी फोडणं, मोटारसायकलींची चोरी हे सगळं तिने पाहिलं होतं. खून मात्र अजून एकही नाही.

"कोण माणूस?"

"विसरवाडीच्या शेठचा पोरगा. तो फोटोवाला."

एस्तेरच्या हातातला कप तसाच राहिला. रिषभ? विसरवाडीच्या चौफुलीवर माणकचंद शेठचं भांड्यांचं दुकान होतं, त्यांचा हा धाकटा मुलगा. दुकानातून मोकळा झाला की रानात शिरायचा आणि झाडांना कॅमेरे बांधून बिबट्यांची मोजदाद करायचा. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तरी वळसा घालून जाणारा माणूस. त्याला कोण मारेल?

पाणवठ्यावर पोचल्यावर तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. रिषभ पाण्याच्या काठाशी उताणा पडला होता. अंगात मातकट पिवळं जॅकेट होतं. कॅमेरा उघडून खाली ठेवलेला आणि त्याचे सेल शेजारी मांडलेले. सेल बदलता बदलताच त्याला गोळी लागली होती. अंग ताठरलं होतं, म्हणजे ही आदल्या संध्याकाळची गोष्ट. ती पाठीत, डाव्या खांद्याखाली शिरली होती आणि छातीतून बाहेर पडली होती. कॅमेरा उघडा असल्यामुळे त्याने काहीच टिपलं नव्हतं.

छगन हवालदाराने काठावरची माती उकरली. वीतभर आत गोळी सापडली. टोक चेपलं होतं, पण बूड शाबूत होतं. छगन मूळचा प्रकाशाचा, पंचवीस वर्षं नोकरी झालेला. त्याने गोळी तळहातावर फिरवून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, ही तीनशे पंधरा बोरनी शे."

"मग?"

"निवडणूक लागनी तवापासून परवानानी बठ्ठी हत्यारं आपला कोठडीमा जमा शेतस. तीनशे पंधरानी रायफल आख्ख्या हद्दीत आते एकच बाहेर शे." त्याने गोळी तिच्या हातात दिली. "रेंग्यानी."

२

रेंग्याच्या रायफलीला जमा करण्यातून सूट मिळाली होती, कारण त्याची तूर रानडुकरांनी दोनदा झोपवली होती. वनखात्याची परवानगीही त्याच्याकडे होती. एस्तेर पोचली तेव्हा तो खळ्यावर तूर झोडत होता. ताडासारखा उंच आणि गुडघ्याला टेकतील असे हात. रायफल झोपडीत आढ्याला टांगलेली. छगनने ती खाली घेऊन नळीशी नाक नेलं आणि मान हलवली. बंदुकीच्या ताज्या दारूचा वास येत होता.

"काल उडवली?" एस्तेरने मावचीत विचारलं. दोघांची घरची बोली तीच होती.

"उडवली. चार वाजता, डुकरांवर. लागली नाही."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी घरात होतो. विचार हिला."

गंगीबाई, त्याची बायको, चुलीपुढून उठून आली. "घरातच होता. भाकरी खात होता."

"बायको दुसरं काय सांगणार?" एस्तेर म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजातला कोरडेपणा ऐकून तिला बरं वाटलं नाही. "रेंग्या, गेल्या महिन्यात भर बाजारात तू रिषभला काय म्हणाला होतास?"

रेंग्याने मान खाली घातली. रिषभने त्याच्याविरुद्ध वनखात्यात अर्ज दिला होता, की डुकरांच्या परवानगीवर हा दुसरी जनावरंही मारतो. "पुन्हा माझ्या शेताकडे आलास तर तुलाच डुकराच्या जागी उभा करीन," असं रेंग्या शंभर माणसांदेखत ओरडला होता.

"रागात बोललो बाई. आमच्याकडे बोलतात तसं. पण माणूस? देवाशपथ..."

छगनने त्याला गाडीत बसवलं. गंगीबाई गाडीमागे पाणंदीच्या वळणापर्यंत धावत आली.

दुपारी एस्तेरने योहानकाकांना फोन केला. अशा वेळी ती दुसऱ्या कोणाला करणार होती? तिचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. योहानकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, फौजेत हत्यारांचे कारागीर होते. त्यांच्याच पगारावर ती शिकली आणि त्यांनीच पहाटे उठवून तिला भरतीसाठी पळायला लावलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर परिसरातली प्रत्येक बंदूक त्यांच्या हाताखालून जाऊ लागली. परवाना मिळाला की माणूस आधी काकांकडे यायचा. काका त्याला उभा करून हात मोजायचे, शेत कुठे आहे, बांधावर झाडी किती आहे, नजर किती पोचते ते विचारायचे आणि मग सांगायचे, अमुक इंचांची नळी घे. "उघड्या माळाला लांब नळी, दाट झाडीला आखूड. उलटं घेतलंस तर डुक्कर हसेल," असं ते म्हणायचे. रेंग्याला सव्वीस इंची त्यांनीच निवडून दिली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र काका बोलेनासे झाले होते. त्यांच्या नातीला, सहा वर्षांच्या रूथला, उसाच्या कडेने बिबट्याने उचललं होतं. वनखात्याने पिंजरा लावून एक बिबट्या पकडला आणि लांब नेऊन सोडला. काका एवढंच म्हणाले होते, "तो हा नव्हता."

ते आले, नेहमीची लाकडी हत्यारपेटी घेऊन. एस्तेरने स्वतः हत्यारांची कोठडी उघडून दिली आणि गोळी आणायला ती आपल्या खोलीत गेली. रेंग्याची जप्त रायफल तिथेच होती. काकांनी ती बराच वेळ न्याहाळली, मग गोळी पाहिली. त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. एस्तेरला वाटलं, वय झालं आता.

"आरपार गेली ना?" त्यांनी विचारलं.

"हो. मातीतसुद्धा वीतभर."

"मग लांब नळीची. आखूड नळीला एवढा जोर नसतो." ते तिच्याकडे न बघता पेटी आवरू लागले. "रेंग्याचीच असेल, पोरी."

३

दुसऱ्या दिवशी कालीबाईचा जबाब लिहायचा राहिला होता. तो लिहिला की कागद पुरे होणार होते.

"मंगळवारी सांजेला मी मोळी घेऊन टेकाडावरून उतरत होते," ती सांगू लागली. "दिवस बुडाला होता, पण वाट दिसत होती. तेवढ्यात खालच्या घाणेरीत जाळ झाला."

"जाळ?"

"हा. सुपाएवढा. वीज झाडात शिरावी तसा. मागून आवाज आला, तो असा, की माझे कान बंद झाले. भीतीने मी घरी पळाले. सकाळी गुरं पाण्यावर नेली तेव्हा..." तिने पदर तोंडाला लावला.

एस्तेरची लेखणी थांबली. रेंग्याची रायफल तिने एकदा ऐकली होती. गेल्या वर्षी परवाना तपासताना त्याने तिच्यासमोर दिवस कलल्यावर एक बार काढला होता. नळीच्या तोंडाशी काडी ओढल्याएवढी ठिणगी, आणि आवाज रुंद, लांब जाणारा. सुपाएवढा जाळ तिने पाहिला नव्हता.

"सुपाएवढा? नक्की?"

"बाई, मी काय आंधळी आहे?"

एस्तेरने कागद मिटले आणि छगनला हाक मारली. "रेंग्याची रायफल घ्या. पंचांना बोलवा. आपण परत पाणवठ्यावर जातोय."

पाणवठ्यापासून पन्नास पावलांवर घाणेरीची दाट जाळी होती. मागे एक काळा खडक. जाळीच्या पोटात माणूस बसेल एवढी जागा कोयत्याने पोखरलेली होती. गवत दबलेलं, आणि खडकाला पाठ लावून बसल्याच्या खुणा. समोर पाण्याच्या दिशेने पानांत एक झरोका. झरोक्याच्या आतल्या बाजूची पानं होरपळली होती, त्यांच्यावर न जळलेल्या दारूचे काळे ठिपके उडालेले.

"बसा, छगनराव. पाठ खडकाला लावा. दस्ता खांद्यात घट्ट. रायफल रिकामी आहे ना, पुन्हा बघा."

छगन बसला आणि त्याने नेम धरला. एस्तेर बाजूने वाकून पाहत होती. सव्वीस इंची नळी होरपळलेल्या पानांना ओलांडून चांगली अर्धी वीत पुढे, जाळीच्या बाहेर गेली होती.

"मागे सरका."

"मॅडम, मांगे खडक शे. आखो कथा सरकू?"

ती तशीच ओणवी राहिली. जाळ नळीच्या तोंडातून पुढे निघतो. तोंडाच्या मागे राहिलेली पानं तो कशी जाळील? ज्याने इथे बसून गोळी झाडली, त्याच्या नळीचं तोंड या पानांच्या आत होतं. होरपळ जिथे सुरू होत होती तिथून रेंग्याच्या नळीच्या तोंडापर्यंत तिने दोऱ्याने अंतर घेतलं आणि टेपला लावलं.

सहा इंच.

"छगनराव," ती हळूच म्हणाली, "ही ती रायफल नाही."

४

तीनशे पंधराची, पण वीस इंची नळीची रायफल हद्दीत एकच होती. इंद्रसिंगची. इंद्रसिंग वनखात्याच्या यादीतला नेमबाज होता. ज्याच्या शेतात डुकरं माजतील त्याने त्याला बोलवायचं. त्याचं काम दाट झाडीतलं, म्हणून काकांनी त्याला आखूड नळी निवडून दिली होती. नेमबाज म्हणून त्यालाही सूट मिळाली असणार आणि छगन ते विसरला असणार, असं एस्तेरने धरलं.

इंद्रसिंगचं आणि रिषभचं वाकडं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. रिषभने काढलेल्या एका फोटोवरून वनखात्याने त्याला दोन महिने यादीतून काढलं होतं. घरी कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, सोमवारपासून लेकीकडे अक्कलकुव्याला गेलाय.

सोमवारी गेला आणि मंगळवारी खून. एस्तेर तशीच गाडीत बसली.

अक्कलकुव्यात इंद्रसिंग बाजारपेठेमागच्या घरात खाटेवर बसला होता, उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये.

"सोमवारी मोटारसायकल घसरली," तो म्हणाला. "मंगळवारी दवाखान्यातच होतो. डॉक्टरला विचारा, नर्सला विचारा. या हाताने चमचा उचलत नाही, बाई. रिषभशी माझं पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण पोरगा निर्मळ होता."

"मग तुमची रायफल कोणाकडे होती?"

इंद्रसिंग तिच्याकडे पाहतच राहिला. आधी त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्याने डाव्या हाताने उशीखालचं पाकीट काढलं आणि एक घडी केलेला कागद तिच्यापुढे धरला.

"माझी रायफल? ती तर बारा दिवसांपासून तुमच्याच ठाण्यात आहे. ही पावती. खाली सही तुमचीच आहे ना?"

५

ठाण्यात शिरताच तिने कोठडीचं दार उघडायला लावलं.

इंद्रसिंगची रायफल खुंटीवर होती, गळ्यात चिठ्ठीसकट. नळी तेलाने चकचकीत. शेजारच्या अकरा जमा हत्यारांवर मात्र धुळीचा पातळ थर. पावतीवर लिहिलं होतं, काडतुसं दहा. पाकिटाची लाख जागेवर होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता, नुसता अंगठा दाबलेला. पाकीट फोडलं. नऊ निघाली.

छगन भिंतीला टेकला.

"मॅडम, पाकीट मी मन्हा हातखाल बंद करेल व्हतं, शिक्का मारीसन. मन्हा पोरेसनी शपथ. माले काही माहीत नही."

"किल्ली तुमच्याकडे असते, छगनराव."

"एक मन्हाकडे. दुसरी..." तो थांबला. दुसरी तिच्या स्वतःच्या कमरेला होती.

तिने स्वतःला शांत व्हायला लावलं. मंगळवारी दिवस बुडाला त्या वेळी छगन कुठे होता? नवापूरला, मतदान बंदोबस्ताच्या बैठकीत. तिच्याच शेजारच्या खुर्चीवर, साडेसातपर्यंत. छगन सुटला, ती सुटली. मग कोठडीत आणखी कोण शिरलं?

तिने नोंदवही ओढली. 'सोमवार : जमा हत्यारांची तपासणी व तेलपाणी, योहान मावची. बुधवार : जप्त रायफलीची पाहणी, योहान मावची.'

दर निवडणुकीला काका येऊन जमा हत्यारं रिकामी आहेत ना ते बघायचे, त्यांना तेल द्यायचे. कोणी त्यांच्याकडे वळून बघत नसे. पण या वेळी तेल एकाच हत्याराला मिळालं होतं. सोमवारी किल्ली तिनेच त्यांच्या हातात दिली होती आणि ती कलेक्टर कचेरीच्या फोनवर बोलत बाहेर उभी राहिली होती.

छे. तिने वही मिटली. काहीतरी चुकतंय. काकांनी तर स्वतः सांगितलं की गोळी लांब नळीची आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून ती नंदुरबारला रतिलालकडे गेली. रतिलाल बंदुका दुरुस्त करायचा. त्याचं एवढुसं दुकान लोखंडाच्या कानशींनी भरलेलं होतं.

"पन्नास पावलांवरून गोळी आरपार गेली," एस्तेरने विचारलं, "तर नळी लांबच असली पाहिजे ना?"

रतिलाल हसला. "कोन सांगस? पन्नास पावलांवर वीस इंचनी पन आरपार जाई, सव्वीसनी पन आरपार जाई. माणूसना अंगले फरक समजाव नही. फरक पडस तो लांब नेमले, आनि जाळले. आखूड नळीमा दारू पुरी जळस नही, ती बाहेर ईसन जळस. एवढा भडका!" त्याने दोन्ही हात सुपासारखे पसरले. "सांजनी येळले मारनारानेच डोळे दिपी जातस."

"हे सगळ्या कारागिरांना माहीत असतं?"

"हाई तं पहिलं पुस्तक शे, ताई." रतिलालने कानस खाली ठेवली. "माले शिकाडं ते तुम्हनाच काकानी. योहानभाऊनी."

६

काकांच्या घरापुढे तिने गाडी थांबवली तेव्हा दुपार टळली होती. सोबत छगन होता. तिने त्याला अंगणात थांबायला सांगितलं.

काका पडवीत बसले होते. हत्यारपेटी पायाशी. एस्तेर आत आली, काही न बोलता खाली बसली आणि तिने खिशातून टेप काढून पेटीला लावला. आतून तीस इंच.

"सव्वीस इंची नळी खटक्यासकट चौतीस भरते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटत होता. "ती या पेटीत बसत नाही. वीस इंची बसते. दोन स्क्रू काढले की दस्ता वेगळा, तो तिरका ठेवता येतो. सोमवारी तुम्ही ती ठाण्यातून नेलीत. बुधवारी मी तुम्हाला बोलावलं आणि मी गोळी आणायला गेले तेवढ्यात तुम्ही ती परत ठेवलीत."

काकांनी पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"कोठडीत बारा हत्यारं होती, काका. चोर असता तर हाताला येईल ते उचलून गेला असता. घाणेरीत बसून जवळचा नेम धरायचा तर कोणती नळी लागेल, हे बघून उचलणारा या रानात एकच माणूस आहे." तिने टेप मिटला. "सांगा ना, मी चुकतेय म्हणून. छगनला आत बोलावून मी त्याच्यासमोर तुमची माफी मागते."

"चुकत नाहीस," काका म्हणाले.

तिला हे माहीत होतं. रतिलालच्या दुकानापासून माहीत होतं. तरीही कोणी छातीवर लाथ मारावी तसं झालं तिला. या माणसाने तिच्या केसांना तेल लावून वेण्या घातल्या होत्या.

"का? त्या पोराने तुमचं काय केलं होतं?"

"पोराने?" काकांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच आश्चर्य होतं. "मी पोरावर कशाला गोळी झाडीन? मी बिबट्यावर झाडली."

मग ते थांबत थांबत सांगत गेले. तीन आठवडे ते माग काढत होते. पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट तुटलेला बिबट्या. रूथच्या मृतदेहाशेजारी तसाच ठसा होता. तो पाणवठ्यावर दिवस बुडताना येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या नावावर हत्यार नव्हतं. मंगळवारी ते जाळीत बसले. उजेड गेला. पाण्याकाठी मातकट पिवळं काहीतरी वाकलं, हललं.

"मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, जनावर पूर्ण दिसल्याशिवाय खटक्याला बोट लावू नका." त्यांनी पेटीच्या कडीवर हात ठेवला. "बार झाला. जाळाने डोळे दिपले. दिसायला लागलं तेव्हा तिकडून माणसाचा आवाज आला. 'आई' म्हणाला."

काका पुढे सांगू लागले.

"तो पालथा पडला होता. मी त्याला उताणा केला. अर्धा तास होता तो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फोन लागेना. सोडून रस्त्याला जावं तर तो हात सोडेना. ओठ सुकले होते. माझ्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाशी धरलं, तर त्याने आभाळाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तीनदा धरलं. तीनदा फिरवलं. माझ्या हातचं त्याला नको होतं. कसं हवं असेल?"

"आणि रेंग्या?" एस्तेर ओरडली. ती उठून उभी राहिली होती. "ती चूक होती, काका. अंधुक उजेडातली चूक. मी तुमच्याबरोबर उभी राहिले असते. पण रेंग्याचं नाव तुम्ही लख्ख दुपारी घेतलंत, माझ्यासमोर!"

"वाटलं, पुरावा कच्चा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सुटेल."

"अहवाल दोन महिन्यांनी येतो."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. एस्तेरला ते धरवले नाहीत. तिने छगनला हाक मारली.

७

त्याच संध्याकाळी तिने वरिष्ठांना कळवलं आणि तपास स्वतःकडून काढून घ्यायला लावला. ठाण्याच्या डायरीत तिने आपल्या हाताने लिहिलं, की सोमवारी कोठडीची किल्ली तिने बाहेरच्या माणसाच्या हातात दिली आणि त्याच्यावर लक्ष ठेवलं नाही. छगन म्हणाला, "मॅडम, एवढं लिखानी गरज नही." तिने सही केली. तिच्यावर चौकशी बसली.

कोर्टाच्या हुकुमाने रेंग्या सुटला त्या दिवशी ती त्याला घरापर्यंत सोडायला गेली. गंगीबाईने दारातूनच नवऱ्याला आत घेतलं आणि फळी लावली. एस्तेर फळीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. त्यांनी पाणी विचारलं नाही, आणि तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

विसरवाडीला जायचं राहिलं होतं. आता ते तिचं काम नव्हतं, तरी ती गेली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. माणकचंद शेठ गादीवर बसले होते. आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कंकुबाई. एस्तेरने सगळं सांगितलं. तो माणूस आपला सख्खा काका आहे, हेही सांगितलं. शेठ भिंतीकडे तोंड करून बसले. पुन्हा वळले नाहीत.

कंकुबाईंनी एकच विचारलं. "माझा मुलगा एकटा होता?"

"नाही. त्याचं डोकं मांडीवर होतं. हात धरलेला होता."

"तहान लागली असेल त्याला."

"पाणी दिलं त्यांनी. तीनदा. पण त्याने घेतलं नाही, तोंड फिरवलं. काका म्हणतात, मारणाऱ्याच्या हातचं..."

कंकुबाई उंबऱ्यावरून पुढे सरकल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "सूर्य मावळला होता?"

"हो. नुकताच."

"मग कसा घेईल? आठव्या वर्षापासून त्याचं व्रत होतं. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. तापातसुद्धा घेतला नाही कधी." बोलता बोलता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि इतके दिवस न आलेलं रडू एकदम फुटलं. शेठ भिंतीकडे तोंड करूनच थरथरत होते.

बऱ्याच वेळाने कंकुबाईंनी डोळे पुसले. "त्या माणसाला सांग हे."

"कशाला?" शेठ भिंतीकडूनच म्हणाले. "जळू दे त्याला."

"माझ्या मुलाबद्दल कोणी खोटं समजून राहू नये," कंकुबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने कोणाच्या हातचं पाणी झिडकारलं नाही कधी."

दोन दिवसांनी काकांना पुन्हा नंदुरबारच्या कोर्टात आणलं. एस्तेर साध्या साडीत कोर्टाच्या आवारात उभी होती. व्हॅन निघायच्या आधी शिपायाने तिला ओळखून दोन मिनिटं दिली. तिने जाळीतून सगळं सांगितलं, कंकुबाई बोलल्या होत्या त्याच शब्दांत.

काकांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

"म्हणजे तो माझ्यावर रागावला नव्हता?"

हो म्हणणं फार सोपं होतं. समोर नऊ वर्षांच्या पोरीला वाढवणारा माणूस उभा होता, आणि डोळ्यांपुढे गंगीबाईने लावलेली फळी.

"ते मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "फक्त पाणी का घेतलं नाही, ते माहीत आहे."

शिपायाने व्हॅनच्या टपावर थाप मारली. गाडी आवाराबाहेर पडून रहदारीत मिसळेपर्यंत ती तिथेच उभी होती.